धार लावायच्या दगडावर आकडा का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चाकू-सुऱ्यांना घरच्या घरी धार कशी लावावी यावर मजकूर आला होता. खंडेनवमी तोंडावर आली की असे मजकूर येतातच, आणि यायलाही हवेत. पण त्यातलं एक वाक्य मला गप्प बसू देईना. ‘दगड जितका बारीक, तितकी धार चांगली.’ वर ३००० आणि ८००० आकड्याचा (आकडा मोठा, तितका दगडाचा कण बारीक) दुहेरी जपानी दगड मागवा असा सल्लाही दिला होता. तो वाचून कुणी दोन-तीन हजार रुपये घालवण्याआधी हे पत्र छापून आलं तर बरं होईल.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो. आधी सरफेस ग्राइंडर, नंतर टूल अँड कटर ग्राइंडर. लोखंडाला दगड लावणं यावरच घर चाललं. आमच्याकडे घासायच्या प्रत्येक चाकावर त्याची पूर्ण ओळख छापलेली असायची. उदाहरणार्थ ए ६० के ५ व्ही. ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, ६० हा कणाचा आकडा, के म्हणजे कण किती घट्ट धरलेत ते, ५ म्हणजे कणांमध्ये मोकळी जागा किती, आणि व्ही म्हणजे भट्टीत भाजून केलेलं बंधन. ते न वाचता चाक मशीनवर चढवलं की फोरमनच्या शिव्या ठरलेल्या. आणि घरासाठी आणायच्या दगडावर काय छापलेलं असतं? ‘फाइन’. संपलं.

आधी त्या वाक्याचा निकाल लावतो. धार म्हणजे पात्याचे दोन उतार जिथे मिळतात ती कड. चाकू बोथट होतो तेव्हा ती कड झिजून गोल झालेली असते, नाहीतर एका बाजूला वळलेली असते. ती पुन्हा उभी करायची तर दोन्ही उतारांवरचं थोडं लोखंड काढावं लागतं, आणि लोखंड काढायचं काम जाड कणांचं. बारीक कण जाड कणांनी पाडलेले ओरखडे पुसतात, त्यापलीकडे फारसं काही करत नाहीत. बोथट चाकू थेट ८००० च्या दगडावर तासभर घासलात तर हातात येतो चकचकीत बोथट चाकू. न नांगरलेल्या वावरात नुसता कुळव फिरवून काय होणार, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

जाड दगडावर किती घासायचं, हे कळायला खूण आहे. एका बाजूने घासत गेलं की धारेच्या पलीकडच्या अंगाला लोखंडाची अगदी पातळ कोर उलटून येते. कारखान्यात आम्ही तिला बर म्हणतो. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे, म्हणजे पात्याला आडवा, हलकेच बाहेर ओढला की ती खरखर लागते. धारेच्या लांबीवरून बोट फिरवायचं नाही, कापेल. ही खरखर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्ये दोन बोटं जागा गुळगुळीत लागली तर तिथे दगड अजून कडेपर्यंत पोचलेला नाही, तिथेच पुन्हा घासायचं. सलग लागली की पातं उलटं करायचं, त्या बाजूनेही तशीच बर आणायची, आणि मगच बारीक दगडाला हात लावायचा. पुरवणीतल्या मजकुरात या बरीचा उल्लेख नाही. माझ्या मते धार लावण्याची निम्मी विद्या तिच्यातच आहे.

आता आकड्याबद्दल. हा आकडा चाळणीतून आला. इंचाला किती घरं असलेल्या चाळणीतून कण खाली पडतो, तो त्याचा आकडा. म्हणून आकडा वाढला की कण बारीक होतो. दोनशेवीस-चाळीसच्या पुढे मात्र चाळणी कामाची नाही. मग पूड पाण्यात सोडतात. जाड कण आधी तळाला बसतात, बारीक मागाहून, आणि त्या हिशेबाने ते वेगळे करतात. इथून पुढे प्रत्येक देशाने आपापलं गणित मांडलंय आणि गिऱ्हाइकाची फसगत इथेच होते. आपल्या दुकानात जो काळा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, मिळतो, त्याच्या पाठीवर आकड्याआधी पी असेल तर तो युरोपच्या पद्धतीचा. पी २२० चा कण साधारण ६८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे जवळजवळ माणसाच्या केसाएवढा जाड. पी ४०० चा ३५, पी १००० चा १८. जपानी पद्धतीच्या १००० आकडी दगडाचा कण मात्र १२ ते १४ मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे जपानी १००० ची बरोबरी पेपरात पी १००० शी नाही, पी १२०० ते पी १५०० शी होते. आकडा एकच असला तरी वस्तू वेगळी. पुरवणीत दोन्ही पद्धतींचे आकडे एकाच वाक्यात, काही फरक न करता आले होते.

कण कशाचा हाही प्रश्न असतो, पण घरापुरता तो सोपा आहे. बाजारात मिळणारा काळा किंवा करडा दगड बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरा करायला गेले आणि हाती हा पदार्थ आला. त्याला कार्बोरंडम हे नाव त्यांनीच दिलं. आजही तो वाळू आणि कोक २००० अंशांच्या पुढे तापवून करतात. तपकिरी दगड असेल तर तो ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे कृत्रिम कुरुंद. खरा कुरुंद जुन्या म्हैसूर संस्थानाच्या मुलखात सापडायचा. शिकलगार मंडळी लाखेत त्याची पूड मळून साण करत आणि तलवारी-कट्यारी त्यावर धरत. स्वयंपाकघरातल्या चाकूला काळा-तपकिरी कुठलाही चालतो. दोन्ही पोलादापेक्षा कितीतरी कठीण आहेत.

आमच्या आईच्या पिढीने इळी (विळी) दारातल्या पायरीवर घासली, मग आता दगड विकत कशाला, असं आमच्या गल्लीतल्या एक काकू मला म्हणाल्या. पायरी कसल्या दगडाची, त्यावर ते अवलंबून आहे. आपल्याकडचा काळा पाषाण पोलादापेक्षा फारसा कठीण नाही, त्यावर इळी चमकते, पण झिजत नाही. गोकाककडचा वाळूचा दगड त्यातल्या गारेमुळे (क्वार्ट्झमुळे) जुन्या लोखंडी इळीला बऱ्यापैकी चालतो. स्टेनलेसच्या चाकूची गोष्ट निराळी. त्याच्या पोलादात क्रोमियमची कार्बाइडं, म्हणजे क्रोमियम आणि कार्बनचे बारीक कण, असतात आणि ती गारेपेक्षाही कठीण. काकूंचा नवा चाकू पायरीवर घासून धार धरत नाही, यात काकूंचा दोष नाही.

पुरवणीतला मजकूर वाचल्यावर मी बाजारातली हार्डवेअरची दुकानं मुद्दाम फिरून आलो. बहुतेक ठिकाणी वीतभर लांब, दोन इंच रुंद दुहेरी दगड मिळाला. एका दुकानात विचारलं, “याचा नंबर काय?”

“काका, एक बाजू जाड, एक बाजू बारीक.”

“ते दिसतंय हो. बारीक म्हणजे किती?”

मालकाने आतल्या पोराला कन्नडमध्ये हाक मारून दुसरा डबा काढायला लावला. त्याच्यावरही तेच. “नंबर घेऊन काय करताय? घेऊन जावा की, सगळी हाच नेतात.”

माणूस भला होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाच कुणी सांगितलेलं नाही. पण पुडकं उलटून बघा. किंमत आहे, महिना आणि साल आहे, उत्पादकाचा पत्ता आहे, कारण पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे तेवढं छापावंच लागतं. कणाचा आकडा नियमात नाही, म्हणून पुडक्यावरही नाही. गंमत म्हणजे त्याच दुकानात हातभर अंतरावर वॉटर पेपरचा गठ्ठा होता आणि त्यातल्या प्रत्येक तावाच्या पाठीवर आकडा छापलेला होता. पंधरा-वीस रुपयांच्या कागदाला ओळख आहे, दोनशे-अडीचशेच्या दगडाला नाही.

असा बिनआकड्याचा दगड आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. त्याचा आकडा घरीच काढता येतो, तो असा. गाड्यांच्या रंगाचं सामान जिथे मिळतं तिथून वॉटर पेपरचे चार ताव आणा, २२०, ४००, ६०० आणि १०००. वापरातून गेलेलं एखादं स्टीलचं ताट किंवा डब्याचं झाकण घ्या, सपाट असलं म्हणजे झालं. त्यावर मार्करने शेजारी शेजारी सहा घरं आखा. पहिल्या चार घरांत एकेक पेपर पाणी लावून घासा, सगळ्यांची दिशा एक आणि दाब सारखा. उरलेल्या दोन घरांत तुमच्या दगडाची एकेक बाजू घासा. ताट धुऊन पुसा, खिडकीशी जा आणि उजेड ओरखड्यांवर आडवा पडेल असं तिरपं धरा. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन चित्र मोठं करा. २२० चे ओरखडे सुटे सुटे मोजता येतात. ४०० चे दाट, पण अजून रेघाच दिसतात. ६०० ला रेघा एकमेकींत मिसळू लागतात आणि १००० ला नुसती राखाडी छटा उरते. तुमचा दगड यातल्या कुठल्या घराशी जुळतो, बघा. दगड नवा असेल तर आधी जरा वापरून घ्या, कारण कोऱ्या दगडाचे वर आलेले कण दोन-चार वेळा जास्तच ओरबाडतात.

मी आणलेल्या दगडाची ‘फाइन’ बाजू २२० आणि ४०० च्या मध्ये बसली. जाड बाजू २२० पेक्षाही जाड निघाली. म्हणजे पुडक्यावर ज्याला बारीक म्हटलंय, ती बाजू स्वयंपाकघराच्या हिशेबाने जाडच. दगड वाईट नाही. खुरपं, कोयता, कुऱ्हाड यांना फार चांगला आहे. पण त्याच्यावर धार लावून कुणी सुरीने टोमॅटो चिरायला घेतला आणि साल फाटली, तर दोष सुरीच्या माथी जातो आणि नवी सुरी येते.

मग घरात ठेवावं काय? माझं मत असं आहे, कुणाला पटो न पटो. एक मधला दगड, जपानी १००० च्या आसपासचा. तो परवडत नसेल तर पी ८०० ते पी १२०० चा पेपर. रोजच्या चाकूला एवढं पुरतं. धार पार गेली असेल किंवा पात्याला खाच पडली असेल तरच त्याआधी २२० ते ४०० च्या दरम्यानचं काहीतरी. बाजारातला तो बिनआकडी दगड या कामाला नेमका येतो. खाच १००० वर काढायला बसलात तर जेवायची वेळ होईल, खाच तिथेच असेल. एका आकड्यावरून पुढच्यावर जाताना दुप्पट-तिपटीची उडी चालते, ४०० नंतर १०००, हजारनंतर ३०००. ३००० चा दगड हौसेचा. वाईट नाही, पण त्याच्यावाचून कुणाचं अडलेलं नाही.

आणि ८०००? तो न्हाव्याच्या वस्तऱ्याला शोभतो. आपल्या बाजारातल्या स्टीलच्या चाकूंचं पोलाद कडकपणाच्या रॉकवेल मापावर पंचावन्नच्या आसपास, पुष्कळदा त्याच्याही खाली. इतक्या मऊ पोलादावर चढवलेली अतिबारीक कड कच्चं रताळं किंवा लाल भोपळा चिरताना पाटावर दोन-चारदा आपटली की वळते. शिवाय स्वयंपाकघरात फार गुळगुळीत कड उपयोगाचीही नाही. १००० च्या दगडाने कडेला जे सूक्ष्म दाते राहतात तेच टोमॅटोच्या आणि ढबू मिरचीच्या सालीला पकडतात. पॉलिश केलेली कड सालीवरून घसरते. बिनहाडाचं मांस आणि मासळीचे पातळ तुकडे करणाऱ्याला थोडी बारीक कड लाभते, पण कॅम्पातल्या फिश मार्केटात बघा, तिथे सुरमई तोडणारी माणसं जाड कडेवरच दिवस काढतात आणि त्यांचं काही अडत नाही.

पेपरवर धार लावायची रीत सोपी आहे. वॉटर पेपरचा ताव ९ इंच बाय ११ इंच असतो, त्याच्या लांब पट्ट्या कापा. जाड काच किंवा गुळगुळीत फरशीचा तुकडा घ्या, त्यावर पाणी शिंपडून पट्टी दाबून बसवा, ती आपोआप चिकटते. चाकू नेहमी पाठ पुढे आणि धार मागे अशा दिशेने ओढायचा, नाहीतर कागदच चिरला जातो. दगडावर दोन्ही दिशा चालतात. पातं किती उचलायचं, याला कोनमापक नको. पात्याची रुंदी चार सेंटिमीटर असेल तर पाठ दगडापासून साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वर, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढी. कोन पंधरा ते अठरा अंश भरतो. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच राहणं महत्त्वाचं. कोन डुगडुगला की कड गोल झाली. कोन बरोबर बसतोय का हे बघायचं असेल तर धारेलगतच्या उतारावर मार्कर फिरवा आणि दोन वेळा घासा. शाई वरच्या अंगाची गेली तर पाठ जरा उचला, अगदी कडेची गेली आणि वर राहिली तर जरा टेकवा.

धार आली का, ते तपासायला आपल्या वर्तमानपत्राचा कागद उत्तम. संपादकांनी राग मानू नये. ताव एका हातात सुटा धरायचा आणि वरच्या कडेत चाकू घालून खाली न्यायचा. जिथे अडकतो तिथे कडेवर अजून बर लटकते आहे किंवा खाच आहे.

इळीचं प्रकरण निराळं, आणि त्याबद्दल कुणीच काही लिहीत नाही. चाकू आपण दगडाकडे नेतो, इळीकडे दगड न्यावा लागतो. पातं पाटाला ठोकलेलं, धारेला बाक, आणि सपाट रुंद दगड त्या बाकात बसत नाही. मी करतो ते सांगतो. अंगठ्याएवढी रुंद आणि वीतभर लांब लाकडी पट्टी घ्यायची, तिच्या कडा कानशीने गोल करायच्या आणि तिच्याभोवती पी ४०० चा पेपर ओला करून गुंडाळायचा. इळी जमिनीवर ठेवून नेहमी बसतो त्याच्या उलट बाजूला बसायचं, म्हणजे धार आपल्यापासून पलीकडे राहते. पाटावर पाय दाबून धरायचा. पट्टीचं मागचं टोक मुठीत, बोटं पुढे येऊ द्यायची नाहीत. पट्टी पाठीकडून धारेकडे, तिरपी उतरवत न्यायची आणि परत आणताना उचलायची. वरून सुरू करून पाटापर्यंत यायचं. पाटाजवळची दोन बोटं जागा सगळ्यांची राहून जाते, आणि कोथिंबिरीची जुडी नेमकी तिथेच धरली जाते, म्हणून देठं चिरडतात. बर आली की दुसऱ्या अंगाने तसंच. शेवटी पी ८०० गुंडाळून अगदी हलक्या हाताने दोन्हीकडून थोडं. त्यापुढे जाऊ नये. इळीला जरा खरबरीत कडच लागते, आळूचा देठ आणि शेवग्याची शेंग तिच्यावर सरळ उतरतात. टोकाला खवणी असेल तर तिला पेपर लावू नका, दाते गेले तर नारळ खवायचा वांधा. जुनी इळी साध्या पोलादाची असते, काम झालं की धुऊन कोरडी करून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. फणस चिरायच्या आधीही तेल लावावं हे खानापूरकडच्या मंडळींना मी सांगायला नको.

कात्रीबद्दल थोडंच. निपाणीकडे विड्यांची पानं कापणाऱ्या बायका, आमच्या वडगाव-शहापुरातले विणकर आणि शिंपी यांचं पोट कात्रीवर आहे. कात्रीच्या पात्याचा जो अरुंद तिरपा काठ असतो, तेवढाच ४०० ते ६०० वर घासायचा, आहे त्याच कोनात. आतल्या, एकमेकींवर सरकणाऱ्या सपाट बाजूंना दगड लावायचा नाही. तिथलं लोखंड गेलं की दोन पाती एकमेकींना भेटत नाहीत आणि पान कापलं न जाता दुमडतं.

दारावर सायकल घेऊन धार लावायला येतात त्यांच्याविषयी पुरवणीत जरा खवचट लिहिलंय. मला ते पटलं नाही. त्यांचं चाक साठ-ऐंशी आकड्याचं, कोरडं आणि वेगात फिरणारं. खुरपी, कोयते, सुतारांच्या वाकशी यांना ते योग्यच आहे, हाताने तेवढं लोखंड काढायला बसलं तर दिवस जाईल. पातळ चाकू मात्र त्या चाकावर दिला की कड तापते. साधं पोलाद २३० अंशांच्या आसपास पिवळसर पडतं आणि ३०० च्या आसपास निळं. कडेला निळी झाक दिसली की तेवढ्या जागेचा कडकपणा गेला, मग कितीही धार लावा, टिकत नाही. कारखान्यात आम्ही चाकावर कूलंट, म्हणजे थंड ठेवणारा द्रव, सोडत होतो ती याचसाठी. म्हणून सायकलवाल्याला कोयता बिनधास्त द्या. चाकू द्यायचाच असेल तर शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा आणि दर फेऱ्याला बुडवायला सांगा. ती माणसं ऐकतात. आणि पैसे देताना घासाघीस करू नका, उन्हातून पायडल मारत आलेला असतो.

गॅसच्या शेगडीबरोबर किंवा चाकूंच्या संचाबरोबर फुकट येणारं ते खाचेतून चाकू ओढायचं यंत्र मात्र फेकून द्या. त्याच्यातल्या पात्या कडेचं लोखंड सोलून काढतात.

दगडाची निगा राखायला फार काही लागत नाही. तेल वापरायचं की पाणी, हे पहिल्याच दिवशी ठरवा. एकदा तेल प्यालेला दगड पाणी धरत नाही. घरासाठी मी पाणीच म्हणेन, त्यात थेंबभर भांड्यांचं लिक्विड. लोखंडाची काळी राड साचली की धुवा, नाहीतर छिद्रं बुजतात आणि दगड नुसता घसरतो, कापत नाही. वापरून वापरून दगड मध्ये खोलगट होतो आणि खोलगट दगडावर सरळ धार येणं अशक्य. त्यासाठी दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, काचेवर पी १२० चा जाड पेपर ओला करून लावायचा आणि दगड त्यावर फिरवायचा. सगळ्या रेघा पुसल्या की दगड सपाट झाला. मधल्याच रेघा उरल्या तर खळगा अजून आहे. पुष्कळ लोक खळगा पडलेला दगड टाकून नवा आणतात, ते पैसे वाया जातात.

दुकानदार बंधूंना एवढीच विनंती की पुढच्या वेळी घाऊक व्यापाऱ्याकडे माल सांगताना दोन्ही बाजूंचे आकडे विचारा आणि पुडक्यावर नसतील तर स्केचपेनने लिहून ठेवा. पेपरचा आकडा तुम्ही तोंडपाठ सांगता, दगडाचाही सांगता येईल. वाचकांनीही ‘फाइन’ या शब्दावर दगड घेऊ नये, आकडा विचारावा, आणि आकड्याआधी पी आहे का तेही बघावं. आणि आपण, संपादक महाशय, ‘जितका बारीक तितका चांगला’ या वाक्याची दुरुस्ती खंडेनवमीच्या आधीच्या अंकात छापावी. त्या दिवशी घरोघरी चाकू-इळ्या घासून पूजेला मांडल्या जातात, त्यामुळे नंतर छापून फारसा उपयोग नाही.

कळावे,
आपला,
एक निवृत्त ग्राइंडर,
वडगाव, बेळगाव

ता. क. भातकापणी जवळ आली आहे म्हणून आणखी एक. दातेरी विळ्याला दगड किंवा पेपर अजिबात लावू नका, दाते बुजतात. त्याचे दाते एका अंगाने कापलेले असतात, ते लोहाराकडून तिकोनी कानशीने पुन्हा पाडून घ्यावे लागतात. साध्या, बिनदात्याच्या विळ्याला मात्र इळीसाठी सांगितलेली तीच पट्टी चालते. पट्टी जरा अरुंद घ्या, पेपर पी ४०० पुरे.